बेसच्या वाटेवरचे गैरसमज

२७ मे २०२१. पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कवर शिकागो कब्ज आणि पिट्सबर्ग पायरेट्स यांचा बेसबॉल सामना चालू होता. तिसरी इनिंग, कब्जचे दोघे बाद, दुसऱ्या बेसवर त्यांचा विल्सन कॉन्ट्रेरास. हावियेर बाएझने चेंडू तिसऱ्या बेसच्या दिशेने जमिनीलगत मारला. तिथल्या क्षेत्ररक्षकाने तो उचलून पहिल्या बेसकडे फेकला. फेक जराशी भरकटली, म्हणून पहिल्या बेसवरचा विल क्रेग चेंडू घ्यायला होम प्लेटच्या बाजूला दोन पावले पुढे आला. चेंडू त्याच्या हातात आणि बाएझ त्याच्या पुढ्यात. बाएझ थबकला, वळला आणि आल्या वाटेने होम प्लेटकडे परत पळू लागला.

क्रेग त्याला टॅग करायला, म्हणजे अंगाला चेंडू लावून बाद करायला, त्याच्यामागे धावला. तेवढ्यात कॉन्ट्रेरास तिसरा बेस ओलांडून सुसाट आला. क्रेगने घाईघाईने चेंडू कॅचरकडे टाकला, पण उशीर झाला होता. कॉन्ट्रेरास घसरत होम प्लेटवर पोचला. शेजारीच उभ्या बाएझने स्वतःच पंचांसारखे हात पसरून ‘सेफ’ची खूण केली आणि मग पहिल्या बेसकडे धूम ठोकली. तिथे कोणीच नव्हते. धावत तिथे पोचू पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे कॅचरने फेकलेला चेंडू निसटला आणि बाएझ थेट दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला.

क्रेगने करायचे होते ते इतकेच की मागे वळायचे आणि पहिल्या बेसला पाय लावायचा. बाएझ होम प्लेटकडे पळो की प्रेक्षकांत जाऊन बसो, तो बाद झाला असता. तो तिसरा बाद असल्यामुळे इनिंग तिथेच संपली असती. आणि कॉन्ट्रेरासने त्याच्या आधी होम प्लेट गाठली असती तरी ती धाव धरलीच गेली नसती.

ज्याचे पोट या खेळावर चालते अशा माणसाला हा नियम नक्कीच पाठ असतो. पण ऐन वेळी त्याचा मेंदू वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर शोधत होता. ‘याला टॅग कसा करू?’ हा तो प्रश्न. विचारायला हवे होते ते असे: ‘याच्यावर पहिला बेस गाठण्याची सक्ती आहे ना?’ सॉफ्टबॉल आणि बेसबॉलमध्ये धावण्याच्या नियमांविषयी जितके गैरसमज आहेत, त्यांतले बहुतेक असेच जन्मतात. मैदानावर नियम तोंडी सूत्रांच्या रूपात शिकवला जातो: ‘बरोबरी झाली तर रनर सेफ’, ‘डावीकडे वळलास की गेलास’, ‘रेषा सोडली की आउट’. सूत्र ऐकायला सोपे, पाठ करायला सोपे. पण नियमाला त्यातून नेमके काय साधायचे आहे, हे त्यात नसते. माझ्या मते दोन प्रश्न डोक्यात पक्के असले, की या गुंत्यातला बराच भाग आपोआप सुटतो. रनरवर पुढे जाण्याची सक्ती आहे का? आणि या क्षणी वाटेवर हक्क कोणाचा?

सक्तीचा हिशेब

एका बेसवर एकच रनर राहू शकतो. बॅटरने चेंडू मारला आणि तो धावू लागला, की पहिला बेस त्याचा. तिथे आधीपासून कोणी असेल तर त्याला जागा रिकामी करावीच लागते. तो दुसऱ्या बेसकडे निघाला की दुसऱ्यावरच्याला तिसरा गाठावा लागतो. ही सक्ती. अशा सक्तीने निघालेल्या रनरला अंगाला चेंडू लावून बाद करण्याची गरज नसते. तो ज्या बेसकडे चालला आहे, तो बेस चेंडूसह गाठला की पुरे. यालाच ‘फोर्स आउट’ म्हणतात.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. घोळ पुढे होतो. सक्ती मागून येते, त्यामुळे मागचा माणूस बाद झाला की पुढच्यावरची सक्ती संपते. पहिल्या बेसवर रनर आहे आणि बॅटरने चेंडू सरळ पहिल्या बेसच्या क्षेत्ररक्षकाकडे मारला, असे समजा. त्याने आधी आपल्याच बेसला पाय लावून बॅटरला बाद केले आणि मग दुसऱ्या बेसवर चेंडू फेकला. आता तिथे नुसता बेसला पाय लावून भागत नाही, कारण रनरला ढकलणारा माणूसच उरलेला नाही. त्याला टॅग करायलाच हवे. शालेय सामन्यांत अशा वेळी क्षेत्ररक्षक बेसवर पाय ठेवून जल्लोष सुरू करतात आणि रनर त्यांच्या शेजारी सुखरूप उभा असतो.

सक्तीचा दुसरा आणि मोठा परिणाम धावफलकावर दिसतो. इनिंगमधला तिसरा बाद सक्तीने झाला, किंवा बॅटर पहिला बेस गाठण्याआधीच बाद झाला, तर त्या खेळात आलेली धाव धरत नाहीत, मग रनरने होम प्लेट कितीही आधी ओलांडलेली असो. या एका कलमाने अमेरिकेतल्या एका अख्ख्या हंगामाचा निकाल फिरवला. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध कब्ज. नववी इनिंग, १-१ अशी बरोबरी, जायंट्सचे दोघे बाद. तिसऱ्या बेसवर मूस मॅकॉर्मिक आणि पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. अल ब्रिडवेलने चेंडू मध्यभागी मोकळ्या जागेत मारला, मॅकॉर्मिक होम प्लेटवर आला आणि प्रेक्षक मैदानात घुसले. सामना जिंकला असे समजून मर्कल दुसऱ्या बेसपर्यंत न जाताच कपडे बदलण्याच्या खोलीकडे वळला. कब्जचा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू जॉनी एव्हर्स मात्र चेंडू मागत राहिला. अखेर त्याने चेंडू मिळवून दुसऱ्या बेसला पाय लावला आणि पंच हँक ओडे यांनी मर्कलला बाद दिले. सक्तीने झालेला तिसरा बाद, धाव रद्द. मैदानावरच्या गर्दीत खेळ पुढे नेणे शक्य नव्हते, म्हणून सामना बरोबरीत सुटला. हंगामाच्या शेवटी दोन्ही संघ एकाच पायरीवर आले, ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा खेळवावा लागला आणि कब्जने तो ४-२ असा जिंकला.

मर्कलला जन्मभर या चुकीवरून हिणवले गेले, आणि तो अन्याय होता असे मला वाटते. विजयी धाव आली की पहिल्या बेसवरच्याने वाटेतूनच परतायचे, ही त्या काळची सर्रास रीत होती आणि पंच तिकडे डोळेझाक करत. एव्हर्सने ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये अगदी अशाच प्रसंगी अपील केले होते; पंच ओडेच होते आणि आपण ते पाहिले नाही, असे सांगून त्यांनी ते फेटाळले होते. नियम पुस्तकात आधीपासून होता. बदलली ती पंचांची नजर.

झेलानंतरची धाव

आता त्या गैरसमजाकडे येऊ, जो मला सर्वांत चिवट वाटतो. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना झेल म्हणजे खेळ थांबला असे वाटते. इथे तसे नाही. झेल घेतला गेला की बॅटर बाद होतो, पण चेंडू जिवंतच राहतो आणि रनर आपल्या बेसला पाय लावून पुढे पळू शकतो. याला ‘टॅग अप’ म्हणतात. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात पक्का बसेपर्यंत थांबावे लागते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात चेंडूला क्षेत्ररक्षकाचा पहिला स्पर्श झाला की रनर सुटू शकतो. असे नसते तर एखाद्या चतुर खेळाडूने चेंडू हातांवर उडवत उडवत बेसच्या दिशेने चालत यायचे आणि रनरने बिचाऱ्याने तिथेच खिळून राहायचे, असा तमाशा झाला असता.

रनर झेलाआधीच निघाला असेल तर त्याला परत यावे लागते आणि तो परतण्याआधी चेंडू त्याच्या मूळ बेसवर पोचला तर तो बाद. बेसला नुसता पाय लावून बाद करता येते, म्हणून जवळजवळ सगळे याला फोर्स आउट समजतात. ते तसे नाही. त्याच्यावर पुढे जाण्याची सक्ती नव्हती. उलट त्याला मागे परतायचे होते. म्हणून असा बाद जर इनिंगमधला तिसरा असेल, तर त्या क्षणाआधी दुसऱ्या रनरने होम प्लेट ओलांडली असल्यास ती धाव धरली जाते. इथे पंच फक्त एकच गोष्ट पाहतात: आधी काय घडले?

१२ एप्रिल २००९ रोजी ॲरिझोना डायमंडबॅक्सला हा धडा मिळाला. लॉस एंजेलिस डॉजर्सचा एक जण बाद, तिसऱ्या बेसवर आंद्रे इथियर, दुसऱ्यावर हुआन पिएर. रँडी वुल्फने मारलेला सरळसोट चेंडू पिचर डॅन हॅरनने झेलला. दोन्ही रनर आधीच निघाले होते. हॅरनने दुसऱ्या बेसवर फेलिपे लोपेझकडे चेंडू दिला. लोपेझने तिथेच बेसला पाय लावण्याऐवजी पुढे जाऊन पिएरला टॅग केले. तेवढ्या वेळात इथियरने होम प्लेट ओलांडली. इथियरनेही टॅग अप केले नव्हतेच, त्यालाही बाद करता आले असते. पण तिघे बाद झाले म्हणून ॲरिझोनाचे खेळाडू मैदानाबाहेर गेले, आणि डॉजर्सच्या प्रशिक्षकांनी पंचांना नियम दाखवल्यावर धाव फलकावर चढली.

‘तिघे बाद झाल्यावर चौथ्याला कसे बाद करणार?’ असा प्रश्न इथे येतोच. नियम त्याला मुभा देतो. तिसरा बाद झाल्यावरही क्षेत्ररक्षण करणारा संघ अपील करून आणखी एका रनरला बाद करवून घेऊ शकतो आणि तो आपल्या फायद्याचा असेल तर तोच तिसरा म्हणून धरला जातो. अट एवढीच की अपील पिचर आणि इनफिल्डमधले सगळे खेळाडू मैदान सोडण्याआधी व्हायला हवे. एकदा ते रेषेबाहेर गेले की हक्क संपला.

जपानमध्ये ही फट शाळकरी मुलांनाही माहीत आहे आणि त्याचे श्रेय एका चित्रमालिकेला जाते. शिंजी मिझुशिमा यांची ‘डोकाबेन’ ही बेसबॉलवरची मालिका १९७२ साली सुरू झाली. तिच्यातल्या एका सामन्यात हाच डाव रंगवलेला आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात कोशिएनच्या शालेय स्पर्धेत सेसेइको आणि नारुतो या शाळांच्या सामन्यात तो खरोखर घडला. एक जण बाद, पहिल्या व तिसऱ्या बेसवर रनर, शॉर्टस्टॉपने झेल घेतला आणि चेंडू पहिल्या बेसवर फेकून तिसरा बाद मिळवला. पण सेसेइकोचा तिसऱ्या बेसवरचा मुलगा झेल न पाहताच होम प्लेटकडे निघाला होता आणि त्या बादआधी तो पोचला होता. नारुतोची मुले आनंदाने बाकाकडे परतली. धाव मोजली गेली. हा डाव आपण लहानपणी ‘डोकाबेन’मध्ये वाचला होता, असे त्या मुलाने नंतर सांगितले. नियमाचे असे शिक्षण मला फार मोलाचे वाटते.

वाट कोणाची

मैदानाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या चुन्याच्या रेषा असतात. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत आणि दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत काहीच आखलेले नसते. तरी ‘रनरने रेषा सोडली’ अशी ओरड प्रत्येक सामन्यात होते.

नियमाला आखलेल्या रेषेशी देणेघेणे नाही. क्षेत्ररक्षक चेंडू घेऊन टॅग करायला सरसावला, त्या क्षणी रनर जिथे असेल तिथून त्याच्या लक्ष्याच्या बेसपर्यंत एक सरळ वाट कल्पायची. टॅग चुकवण्यासाठी त्या वाटेपासून तीन फुटांहून जास्त बाजूला गेला तरच तो बाद. कोणी टॅग करतच नसेल तर तो हवे तसे वळण घेऊन धावू शकतो, आणि चांगले रनर बेस ओलांडताना बाहेरून रुंद वळण घेतातही, कारण काटकोनात वळताना वेग मरतो. होम प्लेट आणि पहिला बेस यांच्यातल्या उत्तरार्धात धावण्यासाठीची एक पट्टी असते. तिच्याबाहेर धावणे हाही आपोआप गुन्हा नव्हे. पहिल्या बेसवर फेक घेणाऱ्याला त्यामुळे अडथळा झाला तरच बॅटर बाद ठरतो.

पहिल्या बेसवरून पुढे निघून जाण्याचा प्रश्नही असाच. बॅटरला तिथे वेगात बेस ओलांडून पुढे जायची सवलत आहे आणि परत येताना त्याला टॅग करून बाद करता येत नाही. परतताना उजवीकडे, म्हणजे रेषेबाहेरच वळले पाहिजे, असे हजारो मुलांना सांगितले गेले आहे. सवय म्हणून ते ठीक आहे, नियम म्हणून खोटे. तो डावीकडे वळला तरी चालते. पंच पाहतात ते हे की त्याने दुसऱ्या बेसकडे जाण्याचा प्रयत्न केला का? एखादे पाऊल, खांद्याची एखादी झेपही पुरते. आणि तो प्रयत्न उजवीकडे वळूनही होऊ शकतो.

‘बरोबरी झाली तर रनर सेफ’ याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बरोबरी हा शब्द नियमात नाही. बॅटरने पहिला बेस गाठण्याआधी तो बेस किंवा तो स्वतः टॅग झाला तर तो बाद. पंचांना आधी कोण एवढेच ठरवायचे असते.

हक्काचा खरा कस लागतो तो टकरीत. धावण्याची वाट रनरची, असे बहुतेकांना वाटते. चेंडू बॅटवरून आला असेल आणि क्षेत्ररक्षक तो अडवत असेल, तर वाट त्या क्षेत्ररक्षकाची. रनरने त्याला वळसा घालून जावे. धडकला तर तो बाद, आणि ‘माझा हेतू नव्हता’ ही सबब चालत नाही. फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत मात्र हेतू पाहतात: रनर मुद्दाम मध्ये आला तरच बाद. उलट बाजूने, ज्याच्याकडे चेंडू नाही आणि जो चेंडू अडवतही नाही, त्याने रनरची वाट रोखली तर तो क्षेत्ररक्षकाचा दोष. इथेही हेतूचा प्रश्न नाही.

हे शेवटचे कलम २६ ऑक्टोबर २०१३ रोजी सगळ्या जगाने पाहिले. वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, सेंट लुईस, ४-४ अशी बरोबरी, नववी इनिंग. बोस्टन रेड सॉक्सचा कॅचर जॅरॉड साल्टालामाकिया याने होम प्लेटवर एकाला बाद केले आणि तिसऱ्या बेसकडे निघालेल्या ॲलन क्रेगसाठी फेक केली. चेंडू विल मिडलब्रूक्सच्या हातून निसटून मागे गेला आणि झेपावलेला मिडलब्रूक्स पालथा जमिनीवर पडला. क्रेग उठून होम प्लेटकडे निघाला तो त्याच्याच अंगावर अडखळून पडला. सावरून धावला, पण होम प्लेटवर चेंडू त्याच्याआधी पोचला. तरीही धाव दिली गेली आणि सामना संपला, कारण तिसऱ्या बेसजवळच्या पंच जिम जॉइस यांनी अडथळा झाल्याची खूण आधीच केली होती. ‘बिचारा मिडलब्रूक्स करणार तरी काय होता?’ असे लोक अजून म्हणतात. तो काहीच करू शकत नव्हता, हे खरे. पण चेंडू त्याच्याकडे नव्हता आणि रनरची वाट अडली होती. क्रेग सरळ रेषेवर नव्हता, हा आक्षेपही टिकत नाही, कारण कोणी टॅग करत नसताना वाट तोच ठरवतो. जॉइस यांचा निर्णय अचूक होता.

पंचांचा वर झालेला हात

इनफिल्ड फ्लाय हा नियम समजायला कठीण मानला जातो, पण तो का आला ते कळले की सोपा होतो. पहिल्या व दुसऱ्या बेसवर रनर आहेत, दोघांपेक्षा कमी बाद आहेत आणि चेंडू जवळच उंच उडाला आहे. झेल होईल म्हणून रनर बेसवर थांबतात. क्षेत्ररक्षकाने चेंडू मुद्दाम सोडला तर एकदम सक्ती लागू होते आणि दोन बाद फुकटात मिळतात. ही लबाडी थांबवण्यासाठी पंच हात वर करून बॅटरला हवेतल्या हवेतच बाद ठरवतात. बॅटर गेला की सक्तीही गेली. चेंडू मात्र जिवंत असतो: रनर आपल्या जबाबदारीवर पळू शकतात, आणि चेंडू झेलला गेला नसेल तर त्यांना टॅग अप करण्याचीही गरज नाही. चेंडू पडल्यावर ‘पळायलाच हवे’ असे समजून धावणारे रनर प्रत्येक हंगामात बाद होतात.

‘इनफिल्ड’ या नावामुळे चेंडू गवताच्या आत पडायला हवा, असेही समजले जाते. अंतराची अशी मर्यादा नाही. इनफिल्डच्या खेळाडूला तो सहज झेलता आला असता का, एवढेच पाहायचे. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटात पाहुण्या संघाचा इनफिल्डमधला खेळाडू पीट कोझ्मा मागे मागे धावत डाव्या आउटफिल्डमध्ये गेला, चेंडूखाली आला आणि अचानक बाजूला सरला. चेंडू पडला, पण पंच सॅम होलब्रुक यांचा हात वर होता. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ १९ मिनिटे थांबला आणि अटलांटा ब्रेव्ह्जचा हंगाम ६-३ अशा पराभवाने संपला.

तिसरी स्ट्राइक कॅचरने झेलली नाही तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो, पण पहिला बेस रिकामा असेल किंवा दोघे बाद असतील तरच. कारण पुन्हा तेच: नाहीतर कॅचरने चेंडू मुद्दाम पाडून दोघांना टिपले असते. चेंडू आधी जमिनीवर टप्पा घेऊन कॅचरच्या हातात गेला तरी तो झेल धरत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. आणि दोघे बाद, तिन्ही बेस भरलेले असताना असे झाले, तर कॅचरने बॅटरच्या मागे धावण्याचे काही कारण नाही. सक्ती चारही रनरवर आहे. त्याने आपल्या पायापाशीच्या होम प्लेटवर पाय ठेवावा.

सॉफ्टबॉल म्हणजे छोटा बेसबॉल नव्हे

महाराष्ट्रातल्या शाळांत सॉफ्टबॉल खेळला जातो, बेसबॉलचे सामने टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिले जातात आणि दोन्हींची सरमिसळ होते. बेसमधले अंतर बेसबॉलमध्ये ९० फूट, सॉफ्टबॉलमध्ये ६०. एवढ्या कमी अंतरात रनरला आधीच पुढे सरकू दिले तर पिचरने करायचे काय? म्हणून फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत रनरचा पाय बेसवर हवा. आधी निघाला तर तो बाद. यावरून ‘सॉफ्टबॉलमध्ये बेस चोरता येत नाही’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. चोरता येतो, फक्त निघायची वेळ वेगळी आहे. आणि पिचर चेंडू घेऊन वर्तुळात उभी राहिली, की रनरने रेंगाळायचे नाही: पुढे किंवा मागे, लगेच ठरवायचे आणि ठरवले की पालटायचे नाही.

बाएझसारखे मागे पळणे तर सॉफ्टबॉलमध्ये जागीच संपते. टॅग टाळायला होम प्लेटच्या दिशेने मागे सरणारा बॅटर तिथेच बाद. बेसवर उभ्या रनरला बॅटवरून आलेला चेंडू लागला तर बेसबॉलमध्ये तो बहुधा बाद होतो. सॉफ्टबॉलमध्ये त्याने मुद्दाम अडवला नसेल तर तो सुरक्षित. पहिल्या बेसला पांढरा आणि नारिंगी असे दोन भाग असतील, तर झटापटीच्या वेळी बॅटरने बाहेरच्या नारिंगी भागावर पाय ठेवायचा, परत मात्र पांढऱ्यावर यायचे. फेक मैदानाबाहेर गेली तर ‘जात होतास तो बेस आणि वर एक’ असे सांगतात, तेही चुकीचे: दोन्ही खेळांत दोन बेस मिळतात, प्रश्न फक्त ते कुठून मोजायचे हा. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटला त्या क्षणापासून मोजतात. बेसबॉलमध्ये इनफिल्डमधल्या खेळाडूची ती पहिलीच कृती असेल तर मोजणी पिचपासून होते.

एलेन्सबर्गची धाव

नियम चुकला तर काय होते, याचे मला आठवणारे सर्वांत हृद्य उदाहरण सॉफ्टबॉलमधलेच आहे. २६ एप्रिल २००८, वॉशिंग्टन राज्यातले एलेन्सबर्ग, वेस्टर्न ओरेगन आणि सेंट्रल वॉशिंग्टन या विद्यापीठांच्या मुलींचा सामना. वेस्टर्न ओरेगनच्या सारा टुचोल्स्कीने दोन रनर बेसवर असताना चेंडू कुंपणापार भिरकावला. तो तिच्या आयुष्यातला पहिला होम रन. चेंडूकडे बघण्याच्या नादात तिचा पाय पहिल्या बेसला लागलाच नाही. लक्षात येताच ती गर्रकन वळली आणि तिच्या गुडघ्याने दगा दिला. ती रांगत रांगत पहिल्या बेसपर्यंत आली आणि तिथेच बेसला कवटाळून पडून राहिली.

चेंडू कुंपणाबाहेर गेला तरी चारही बेसना पाय लावल्याशिवाय धाव पूर्ण होत नाही. पंचांनी सांगितले की तिच्या संघातल्या कोणी तिला हात लावला तर ती बाद, आणि बदली रनर आणला तर होम रन न धरता एका बेसचा फटका धरला जाईल. तेव्हा प्रतिस्पर्धी संघाच्या मॅलरी होल्टमनने विचारले: आम्ही तिला उचलून नेले तर? त्याला मनाई नव्हती. होल्टमन आणि लिझ वॉलेस यांनी तिला हातांच्या पाळण्यात उचलले, प्रत्येक बेसवर खाली वाकवून तिचा डावा पाय टेकवला आणि होम प्लेटपर्यंत नेले. वेस्टर्न ओरेगनने तो सामना ४-२ असा जिंकला.

पंचांनी सांगितलेला नियम मात्र चुकीचा होता. हक्काच्या बेसकडे जाताना रनर जखमी होऊन पुढे जाऊ शकत नसेल, तर बदली रनरने फेरी पूर्ण करावी, अशी स्पष्ट तरतूद त्या स्पर्धेच्या नियमपुस्तकात होती. व्यावसायिक बेसबॉलमध्येही ती आहे, आणि तीनच वर्षांपूर्वी, १४ सप्टेंबर २००५ रोजी टोरांटोत ती वापरली गेली होती. सहकाऱ्याच्या होम रनवर धावताना रेड सॉक्सच्या गेब कॅप्लरची टाच दुखावली, तेव्हा अलेहांद्रो माचादो बदली म्हणून आला आणि त्याने उरलेले बेस पूर्ण केले. त्या दोघी मुलींचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. पण वेदनेने विव्हळणाऱ्या मुलीला तिचा हक्क मिळवून देण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांच्या चांगुलपणावर अवलंबून राहण्याची वेळ यायला नको होती.

म्हणून शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना आणि प्रशिक्षकांना माझे एक सांगणे आहे. हंगाम सुरू होण्याआधी आपल्या स्पर्धेचे चालू नियमपुस्तक मुलांबरोबर बसून वाचा, कारण सॉफ्टबॉल आणि बेसबॉलचे नियम वेगळे आहेत आणि ते दर काही वर्षांनी बदलतात. आणि तिसरा बाद झाल्यावर मुलांना एक सवय लावा: कोणी रनर झेलाआधी निघाला होता का, कोणी बेस चुकवला का, हे एकमेकांना विचारायचे, असेल तर चेंडू घेऊन पंचांकडे अपील करायचे आणि मगच मैदान सोडायचे.